सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसलेला मत्सर

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकी गुन्हेपटांविषयी जो लेख आला, त्यात १९४५ सालच्या ‘लीव्ह हर टू हेवन’ या चित्रपटाची सविस्तर दखल घेतल्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनःपूर्वक आभार. जीन टियर्नी यांचा अभिनय, लिऑन शॅमरॉय यांना ऑस्कर मिळवून देणारे रंगीत छायाचित्रण आणि तळ्यातला तो जीवघेणा प्रसंग यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र लेखाच्या अखेरीस व्हिन्सेंट प्राइस यांनी रंगवलेल्या सरकारी वकिलाची जी भरभरून स्तुती केली आहे आणि आपल्याकडच्या खटल्यांनाही असाच कठोर, साक्षीदाराला क्षणाचीही उसंत न देणारा वकील मिळायला हवा, अशी जी इच्छा व्यक्त केली आहे, ती वाचून मी अस्वस्थ झालो. मुंबईच्या सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सारी नोकरी झाली. सरतपासणी आणि उलटतपासणी टिपून घेणे हेच माझे काम होते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तरी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा सांगणे आवश्यक आहे. रिचर्ड हार्लंड या कादंबरीकाराची न्यू मेक्सिकोकडे जाणाऱ्या आगगाडीत एलन बेरेंट या तरुणीशी ओळख होते. त्याच्या चेहऱ्यात तिला आपल्या दिवंगत वडिलांचा भास होतो. वडिलांवर तिने घरातल्या इतर सर्वांना दूर सारून प्रेम केलेले असते आणि आता तोच हक्क ती रिचर्डवर सांगू लागते. रसेल क्विंटन नावाच्या वकिलाशी ठरलेले लग्न मोडून ती रिचर्डशी लग्न करते. त्यानंतर नवऱ्याच्या वेळेत, घरात किंवा मनात जो कोणी वाटेकरी होईल, तो तिला नकोसा होतो. त्याचा पांगळा धाकटा भाऊ डॅनी तळ्यात पोहता पोहता दमून बुडू लागतो, तेव्हा शेजारी होडीत बसलेली एलन काळा चष्मा लावून स्वस्थ पाहत राहते. पोटातले मूलही तिला वाटेकरी वाटते आणि ती जिन्यावरून स्वतःला खाली झोकून देते. अखेर खरे काय ते कळल्यावर रिचर्ड तिला सोडून जातो. तेव्हा आपल्याच घरात बहीण म्हणून वाढलेल्या रूथवर खुनाचा आळ येईल अशी सारी तजवीज करून एलन विष घेते, आणि मरण्यापूर्वी रूथ आपल्या जिवावर उठली आहे असे सांगणारे पत्र पाठवून ठेवते.

ते पत्र ती पाठवते रसेल क्विंटनला. ज्याच्याशी तिने लग्न मोडले, तोच क्विंटन आता त्या जिल्ह्याचा सरकारी वकील झालेला असतो, आणि रूथवरचा खटला तोच चालवतो.

चित्रपटातला पुढचा सारा भाग लेखकाने रंगतदार म्हणून वर्णिला आहे. मला तो तळ्यातल्या प्रसंगापेक्षाही भयंकर वाटतो. विष कोणी आणले, कोणी कालवले, कोणाच्या हातून ते एलनच्या पोटात गेले, हे सिद्ध करणे हे सरकारी वकिलाचे काम. क्विंटनचा सारा जोर मात्र एकाच प्रश्नावर असतो: रूथचे रिचर्डवर प्रेम आहे की नाही. तो प्रश्न तो इतक्या वेळा, इतक्या परींनी आणि इतक्या चढ्या आवाजात विचारतो की शेवटी त्या मुलीच्या तोंडून, जे तिने स्वतःशीही कधी उच्चारले नसेल ते भर न्यायालयात बाहेर पडते. रिचर्डला तो तशाच पद्धतीने धारेवर धरतो. ज्या पुरुषासाठी एलनने आपल्याला नाकारले, तो पुरुष आता पिंजऱ्यात आपल्यासमोर उभा आहे आणि त्याने उत्तर दिलेच पाहिजे, हा आनंद क्विंटनच्या चेहऱ्यावर दिसतो. दिग्दर्शक जॉन स्टाल यांनी एकाच कथेत दोन मत्सर समोरासमोर ठेवले आहेत. बायकोचा मत्सर विष घेऊन संपतो. झिडकारल्या गेलेल्या पुरुषाचा मत्सर तिचे पत्र हातात घेऊन राज्यसंस्थेच्या नावाने उभा राहतो, आणि त्याला कोणीही मत्सर म्हणत नाही. एलनबद्दल आपला लेखक दोन रकाने लिहितो आणि क्विंटनला शाबासकी देतो, ही मला त्या लेखातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

आपल्या कायद्यात हे घडू शकले नसते, आणि का घडू शकले नसते हे वाचकांना कळावे म्हणून तपशिलात जातो. एलनच्या पत्रासारखा कागद आपल्याकडेही पुराव्यात घेता येतो. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले निवेदन १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ नुसार ग्राह्य होते आणि आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीला मृत्यू समोर दिसत असलाच पाहिजे, अशी अट आपल्याकडे नाही. परंतु ते पत्र ज्याला आले, त्याने साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात येऊन ते कसे, कधी आणि कोणत्या स्थितीत मिळाले हे शपथेवर सांगायला हवे, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला त्याची उलटतपासणी घेता यायला हवी. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होण्याचा संभव आहे, तो खटला वकिलाने घेऊच नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा स्पष्ट नियम आहे. त्याच नियमावलीत सरकार पक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी आणखी एक नियम आहे: निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने त्याने खटला चालवू नये आणि निर्दोषत्व दाखवू शकेल असा पुरावा दडपून ठेवू नये. एलनशी आपले लग्न ठरले होते, ती कशी होती हे आपण जवळून पाहिले होते, हे क्विंटनइतके कोणाला ठाऊक असणार? रूथच्या बचावासाठी सर्वांत उपयोगी पडू शकणारा साक्षीदार त्या दालनात फिर्यादी पक्षाच्या टेबलाशी उभा होता.

लेखकाला जी उलटतपासणी इतकी भावली, ती आपल्याकडे सहसा होऊच शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या फौजदारी प्रक्रियेत आरोपीला प्रश्न विचारतात ते न्यायाधीश, पुरावा पूर्ण झाल्यावर, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे. त्या वेळी आरोपीला शपथ दिली जात नाही आणि सरकारी वकिलाला त्याची उलटतपासणी घेता येत नाही. आरोपीने स्वतः लेखी विनंती केली तरच तो कलम ३१५ नुसार बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात येतो, आणि तो आला नाही म्हणून त्याच्याविरुद्ध कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. कलमांचे आकडे नव्या संहितेत बदलले आहेत, तत्त्व तेच राहिले आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर होणार नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये लिहिलेले आहे.

क्विंटनच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हेतू हा पुराव्यातला संबद्ध भाग असतो, म्हणून रूथच्या भावनांविषयीचा प्रश्न अगदीच गैरलागू ठरत नाही. पण एकदा विचारून उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न लाज काढण्यासाठी विचारणे वेगळे. असभ्य, अपमानकारक किंवा केवळ त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार आपल्या न्यायाधीशांना आहे, आणि चांगले न्यायाधीश तो वापरताना मी पाहिले आहेत. प्रेम होते म्हणून खून केलाच असेल, ही उडी कितीही आवेशाने मारली तरी तिने मधली दरी भरून निघत नाही.

मुंबईकराला या विषयावर नानावटी खटला आठवल्याशिवाय राहत नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर बायको-मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले, आपल्या जहाजावरून रिव्हॉल्वर घेतले आणि तो पुरुष म्हणजे प्रेम अहुजा यांच्या मलबार हिलच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. फोर्टमधल्या सत्र न्यायालयाबाहेर तेव्हा उसळणाऱ्या गर्दीच्या आठवणी मी नोकरीला लागलो तेव्हाही जुने कर्मचारी सांगत असत. शहराची सहानुभूती गणवेशातल्या नवऱ्याकडे होती, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे त्याची बाजू मांडत होते, आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्याला निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहता यांनी तो कौल मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

मला येथे सांगायचे आहे ते सरकारी वकील सी. एम. त्रिवेदी यांच्याविषयी. साऱ्या शहराला नकोसा झालेला तो माणूस होता, आणि त्याने आपल्या बाजूने मांडले काय? अहुजा यांच्या कमरेला गुंडाळलेला टॉवेल. बचाव पक्षाचे म्हणणे असे की रिव्हॉल्वरसाठी झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. झटापट झाली असेल तर नुकत्याच न्हाणीघरातून बाहेर आलेल्या माणसाचा टॉवेल जागचा हललाही नाही, हे कसे? तो टॉवेल उच्च न्यायालयातही चर्चिला गेला आणि सर्वोच्च न्यायालयातही. वेळेचा हिशेबही तसाच. दुपारी दीडच्या सुमारास नानावटी घराबाहेर पडले आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या सुमारे तीन तासांत माणसाला स्वतःवर ताबा मिळवता येतो, म्हणून हा गंभीर आणि अकस्मात प्रक्षोभ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वैवाहिक मत्सरावरचा आपल्या देशातला सर्वांत गाजलेला खटला शेवटी एका टॉवेलवर आणि घड्याळावर ठरला. त्यात कोणाच्या अंतःकरणाची चिरफाड करण्याची गरज पडली नाही.

त्या खटल्यात मृत अहुजांच्या बहिणीच्या वतीने राम जेठमलानी हे तरुण वकील सरकार पक्षाला साहाय्य करत होते. आपल्या कायद्याने केलेली ही व्यवस्था मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. ज्याचा माणूस गेला, ज्याचे मन जळते आहे, त्याला न्यायालयाबाहेर ठेवलेले नाही. तो आपला वकील लावू शकतो, पण सत्र न्यायालयात त्या वकिलाने सरकारी वकिलाच्या निर्देशानुसार वागायचे आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. जुन्या संहितेच्या कलम ३०१ मधली ही मर्यादा खासगी पक्षाला जाचक वाटते, म्हणून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात न्या. के. टी. थॉमस यांनी तिचे कारण स्पष्ट केले. खऱ्या वस्तुस्थितीची पर्वा न करता कसेही करून शिक्षा मिळवण्याची तहान सरकारी वकिलाला असता कामा नये, आरोपीला कायद्याने मिळू शकणारा लाभ त्याने दडपू नये, आणि बचावाच्या वकिलाच्या लक्षात तो आला नसेल तर स्वतः न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावा, असे त्या निकालात म्हटले आहे. खासगी वकिलाला पूर्ण मोकळीक दिली तर त्याचे सारे लक्ष शिक्षेवरच राहील, ही त्यामागची काळजी. म्हणजे दुखावलेल्या माणसाची जागा सरकारी वकिलाच्या शेजारी आहे. क्विंटन त्या खुर्चीतच जाऊन बसला होता.

मी ज्यांची भाषणे टिपून घेतली त्या सरकारी वकिलांपैकी मनात राहिलेले फार मोठ्याने बोलणारे नव्हते. आमच्याकडे सरकारी वकिलाला सगळे पी. पी. (पब्लिक प्रॉसिक्यूटर) साहेब म्हणत. एका खटल्यात, आरोपीच्या बचावाला उपयोगी पडणारे एका साक्षीदाराच्या पोलीस जबाबातले वाक्य बचावाच्या नवख्या वकिलाच्या नजरेतून सुटले होते. पी. पी. साहेबांनी उठून त्या वाक्यावर बोट ठेवले आणि शांतपणे न्यायाधीशांना सांगितले की हा भाग नोंदवून घ्यावा. आरोपी सुटला. दुसऱ्या दिवशीच्या कोणत्याही वर्तमानपत्रात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

चित्रपटाच्या शेवटाबद्दल एक गोष्ट लेखकाच्या नजरेतून सुटली आहे, आणि तिच्यामुळे माझे म्हणणे अधिक निकडीचे होते. रूथ सुटते ती रिचर्डच्या साक्षीमुळे. एलनने आपल्याजवळ काय कबूल केले, हे तो सांगतो. ज्युरी रूथला निर्दोष ठरवते, आणि डॅनीच्या मृत्यूचे खरे कारण दडवल्याबद्दल रिचर्डला स्वतःला दोन वर्षांचा तुरुंगवास होतो. आपल्या न्यायालयात ही साक्ष अडली असती. विवाहकाळात जोडीदाराने केलेले निवेदन दुसऱ्या जोडीदाराला, ते करणाऱ्याच्या किंवा त्याच्या हितसंबंधी प्रतिनिधीच्या संमतीशिवाय, न्यायालयात सांगू देता येत नाही. हे जुन्या पुरावा कायद्याचे कलम १२२ आणि नव्याचे कलम १२८ आहे. नवरा-बायकोतल्या खटल्यांचा त्यात अपवाद आहे, पण रूथचा खटला त्या अपवादात बसत नाही. मृत्यूने हे संरक्षण संपत नाही. रिचर्डने स्वतः जे पाहिले, एलनचे वागणे, तिच्या हालचाली, ते तो सांगू शकला असता, कारण बंदी आहे ती परस्परांना सांगितलेल्या गोष्टींवर. तिच्या तोंडचे शब्द मात्र न्यायाधीशांनी नोंदवून घेतले नसते.

मग रूथचे काय झाले असते? तिची सुटका मोठ्या प्रमाणात सरकारी वकिलाच्या विवेकावर अवलंबून राहिली असती. विष कोठून आले याचा तपास पुरा झाला आहे का, पत्र लिहिणाऱ्या स्त्रीची मनःस्थिती कोणी तपासली आहे का, नवऱ्याने तिला नुकतेच सोडले होते हे आरोपपत्रात का नाही, असे प्रश्न त्याने तपास अधिकाऱ्याला खटला उभा राहण्यापूर्वी विचारायला हवे होते. सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतंत्र बुद्धीने विचार केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आपल्याच राज्यातल्या हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात सांगितले आहे. ज्या जागी रूथला एका थंड डोक्याच्या माणसाची गरज होती, तेथे लेखकाला आणखी क्विंटन हवे आहेत.

मराठी प्रेक्षकाला हे नवे वाटू नये. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये खेळ म्हणून उभारलेल्या न्यायालयात सुखात्मे हा वकील लीला बेणारेच्या खासगी आयुष्यावर जे हल्ले चढवतो, ते पाहताना आपण टाळ्या वाजवत नाही, आपल्याला गुदमरायला होते. फिर्यादी वकील आणि बचावाचा वकील या दोन्ही भूमिका तो एकटाच करतो, आणि न्यायाच्या नावाने काय चालले आहे हे त्यावरूनच कळते. या शहरात जन्मलेल्या नाटकाने सुखात्मेला ओळखायला शिकवले असताना क्विंटनला ओळखण्यात आपण का चुकावे?

लेखकावर व्यक्तिशः रोष नाही. आपल्या सर्वांच्या बोलण्यात हा विचार शिरला आहे. गंभीर गुन्हा घडला की मोर्चा निघतो आणि पहिली मागणी होते ती अमुक वकिलाला विशेष सरकारी वकील नेमण्याची. त्या वकिलाची ख्याती सांगितली जाते ती त्याने किती जणांना फासापर्यंत नेले यावरून. न्यायालयीन बातम्यांत सरकारी वकिलाने साक्षीदाराला घाम फोडला, निरुत्तर केले, फाशीचीच मागणी केली, असे मथळे असतात. पीडितांच्या घरच्यांचा संताप मला समजतो, तो त्यांचा हक्क आहे. पण त्या संतापाची भाषा सरकारी वकिलाच्या तोंडी ऐकण्याची सवय वाचकाला लागली, तर जो वकील एखाद्या दिवशी उठून सांगेल की या आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, त्याला आपण फितूर म्हणू.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पुरवणीत या चित्रपटावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा क्विंटनचा एलनशी असलेला जुना संबंध वाचकांना आवर्जून सांगावा. तो गाळल्यामुळे न्यायालयाच्या दृश्याचा अर्थच उलटा होतो. आणि आपल्या न्यायालयीन वार्ताहरांना सांगावे की सरकारी वकिलाने आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा स्वतः होऊन मान्य केला, किंवा पुरावा अपुरा असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, तर तीही बातमी समजून छापावी. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेने हा चित्रपट दाखवून त्यानंतर एखाद्या निवृत्त न्यायाधीशांना बोलावले, तर ती चर्चा ऐकायला फोर्टमधले अनेक तरुण वकील येतील, याची मला खात्री आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
गिरगाव, मुंबई